कॅमेरा दुरुस्तीला देताना



आज मी आपल्याशी एका अगदी साध्या विषयावर बोलणार आहे. घरातला किंवा शाळेतला कॅमेरा बिघडला आणि तो तालुक्याच्या गावच्या दुकानातून दुरुस्त करून घ्यायचा झाला, तर काय करावे, एवढाच हा विषय. तो ऐकून काहींना हसू येईल. 'आता कॅमेरा राहिलाय कुठं? ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आहे, अन् मोबाईलमध्येच कॅमेरा,' असे ते म्हणतील. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण खेड्यातल्या शाळेचे कपाट उघडून पाहा. लोकवर्गणीतून किंवा कोणा माजी विद्यार्थ्याच्या देणगीतून आलेला एखादा डिजिटल कॅमेरा तिथे पिशवीत गुंडाळून ठेवलेला सापडतो. लग्नसराईत गावोगाव हिंडणाऱ्या फोटोग्राफरचे पोट आजही त्याच्या मोठ्या कॅमेऱ्यावरच चालते. ऐन वैशाखात तो बंद पडला, तर त्याचा हंगामच बुडतो. आणि कोणाच्या माळ्यावर वडिलांच्या वेळचा, बडोद्याला बनलेला, बारा फोटोंच्या रोलचा आगफा क्लिक थ्री अजून जपून ठेवलेला असतो.

शिवाय कॅमेऱ्याबद्दल जे मी सांगणार आहे ते पुष्कळसे फवारणीच्या पंपाला, शिलाईच्या यंत्राला, विहिरीवरच्या मोटारीला आणि खिशातल्या मोबाईललाही लागू पडते. तेव्हा ज्यांच्या घरी कॅमेरा नाही त्यांनीही उठून जाऊ नये, ही विनंती.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी यंत्रविद्येतला माणूस नव्हे. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. पण इतरांच्या दुरुस्त्या पाहून माझे असे मत झाले आहे की, दुरुस्ती पुष्कळदा शब्दांपायी फसते. काय बिघडले ते नीट सांगितलेले नसते आणि काय ठरले ते लिहिलेले नसते. म्हणून भाषेच्या मास्तराने या विषयावर बोलायला हरकत नसावी.

थोडे मागे जाऊ. 1888 साली अमेरिकेत रॉचेस्टर या गावी जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक नावाचा कॅमेरा बाजारात आणला. किंमत होती 25 डॉलर. त्यात शंभर फोटोंची फिल्म कारखान्यातच भरलेली असे. शंभर फोटो संपले की गिऱ्हाईक अख्खा कॅमेराच टपालाने कारखान्याकडे परत पाठवी. कारखाना 10 डॉलर घेऊन फोटो छापून देई, नवी फिल्म भरी आणि कॅमेरा पुन्हा घरपोच करी. सोय मोठी होती, यात शंका नाही. त्यामुळेच फोटो काढणे सामान्य माणसाच्या हाती आले. पण त्याच वेळी एक फारकतही झाली. कॅमेरा वापरणारा एक आणि कॅमेऱ्याच्या आत काय आहे ते जाणणारा दुसरा, असे दोन वर्ग पडले.

आपल्याकडे याच्या उलट वाटेने गेलेला एक माणूस होऊन गेला, तो म्हणजे कोल्हापूरचे बाबुराव मिस्त्री, ज्यांना आपण बाबुराव पेंटर म्हणून ओळखतो. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, आणि विलायती कॅमेरा परवडण्यासारखा नव्हता. बाबुरावांनी आणि त्यांचे नातलग आनंदराव यांनी तो स्वतःच बनवायला घेतला. 1916 साली आनंदराव वारले. तरीही बाबुरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने त्यांनी कोल्हापुरातच लेथवर सुटे भाग कातून 1918 च्या सुमारास आपला कॅमेरा पुरा केला, आणि 1920 साली त्यांचा 'सैरंध्री' लोकांपुढे आला.

आता आपण सगळेच काही बाबुराव नव्हे. आपल्याला पहिल्या वर्गातच राहायचे आहे. म्हणून वापरणारा आणि जाणणारा यांच्यामध्ये जो उभा आहे, तो आपला स्थानिक दुकानदार, त्याच्याशी व्यवहार कसा करावा हे कळले पाहिजे.

पण दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरीच काही गोष्टी तपासाव्यात. 'बंद पडला' म्हणून आणलेले काही कॅमेरे मुळात बिघडलेलेच नसतात.

पहिली गोष्ट बॅटरीची. ती पुरती चार्ज करून पाहा, आणि तशीच दुसरी कोणाकडे असेल तर ती घालून पाहा. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल, तर सेलची खाच उघडून बघा. सेल आतच राहून पाझरले की पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरट भुकटी धरते. भुकटीला उघड्या हाताने शिवू नका. सेल बाहेर काढा. कापसाच्या काडीवर जेमतेम ओल येईल एवढे व्हिनेगर घ्या, पट्ट्या पुसा, पुरत्या वाळू द्या आणि मग नवे सेल घाला. पुष्कळ वेळा एवढ्यावर काम भागते.

दुसरी गोष्ट कार्डाची. फोटो साठवण्याच्या मोठ्या कार्डाला कडेला एक बारीकशी सरकपट्टी असते. ती खाली सरकली की कार्डाला कुलूप लागते आणि नवा फोटो साठत नाही. पट्टी वर सरकवली की झाले.

तिसरी गोष्ट भिंगाची. भिंगावर धूळ किंवा बोटांचे ठसे असतील तर फोटो धूसर येतो. आधी रबरी फुग्याने धूळ उडवावी, मग स्वच्छ मऊ कापडाने हलकेच पुसावे. धोतराच्या सोग्याने किंवा पदराने पुसू नये. कापडात अडकलेला धुळीचा कण भिंगाला चरे पाडतो.

एवढे करूनही दोष राहिला, तर तो कसा दिसतो याकडे लक्ष द्या. प्रत्येक फोटोत एकाच जागी काळा ठिपका येतो का? मग आतल्या संवेदकावर धूळ बसली असण्याचा संभव आहे. फोटोचा वरचा किंवा खालचा भाग काळा येतो का? मग शटरची पाती अडखळत असतील. उजेडाकडे तोंड केले की सगळा फोटो पांढुरका होतो का? भिंग सुटे होत असेल तर ते काढून मागून विजेरीचा झोत टाका आणि पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी. आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, पावसाळ्याच्या दमट हवेत हा रोग हटकून होतो. बुरशी फार दिवस राहिली तर काचेवरचा लेप खाते, आणि मग ती पुसून काढली तरी डाग राहतात. म्हणून बुरशीच्या बाबतीत 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नये.

एक मात्र कधीही करू नये. घरी स्क्रू काढून कॅमेरा उघडू नये. ज्या कॅमेऱ्यात फ्लॅश आहे, त्यात फ्लॅशसाठी वीज साठवून ठेवणारा एक भाग असतो. त्यात सुमारे 300 व्होल्टपर्यंत दाब असतो, आणि बॅटरी काढून टाकल्यावरही तो काही काळ टिकतो. घरातल्या दिव्याची वीज 230 व्होल्ट असते, यावरून कल्पना करा. शाळेतल्या हौशी मुलांना हे आवर्जून सांगावे. त्याचप्रमाणे अडकलेल्या भागात तेल सोडणे, हाही घरगुती उपाय नकोच. तेल पात्यांवर पसरते, त्यावर धूळ चिकटते आणि लहान काम मोठे होऊन बसते.

आता दुकानात जाऊ. आपल्या तालुक्याच्या गावी 'फोटो स्टुडिओ' अशी पाटी असते. आत पासपोर्टचे फोटो निघतात, झेरॉक्स होते, लग्नाचे अल्बम बनतात. 'येथे कॅमेरे दुरुस्त करून मिळतील' असाही एक फलक लावलेला असतो. तो फलक खोटा नसतो, पण त्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. बहुधा तो दुकानदार स्वतः कॅमेरा उघडत नाही. तो कॅमेरा जिल्ह्याच्या गावी, पुण्याला, नाहीतर मुंबईच्या फोर्ट भागातल्या एखाद्या कारागिराकडे धाडतो. त्या कारागिराला सुटा भाग लागला तर तो आणखी कोणाकडून मागवतो. म्हणजे आपल्या हातातून सुटलेला कॅमेरा तीन-चार हातांतून फिरतो, आणि आपल्याला दिसतो तो फक्त पहिला हात.

सुटे भाग मिळण्याचीही एक अडचण आहे. कंपन्या नमुने भराभर बदलतात. कोडॅकचेच पाहा. 1975 साली पहिला डिजिटल कॅमेरा तयार झाला तो या कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याच्या हातून. त्याच कंपनीने 2012 साली डिजिटल कॅमेरे बनवणेच थांबवले. ऑलिंपससारख्या जुन्या कंपनीने 2021 च्या आरंभी आपला कॅमेऱ्यांचा धंदा दुसऱ्याच्या हवाली केला. अशा वेळी जुन्या नमुन्याचा भाग नवा कोठून मिळणार? मग कारागीर तशाच एखाद्या मोडक्या कॅमेऱ्यातून तो भाग काढून बसवतो. यात लबाडी काही नाही, उलट कसब आहे. मात्र बसवलेला भाग नवा की जुना, हे आपल्याला सांगितले गेले पाहिजे.

हे सगळे तोंडी राहिले म्हणजे काय होते, त्याची एक हकीकत सांगतो. 2008 सालची गोष्ट. त्या वेळी खेड्यात कॅमेऱ्याचा मोबाईल क्वचितच दिसे. माझ्या परिचयाचे एक गुरुजी एका लहानशा वाडीवरच्या शाळेत होते. वाडीतल्या एका आजींना जात्यावरच्या पुष्कळ ओव्या पाठ होत्या. गुरुजींनी मुलांना हाताशी धरून त्या ओव्या वहीत उतरवून घेतल्या. शाळेसाठी गावाने वर्गणी काढून कॅमेरा घेतलेला होता. त्याने आजींचे, जात्याचे, भोवती बसलेल्या मुलींचे फोटो काढले. शाळेत संगणक नव्हता, त्यामुळे फोटो कार्डातच होते. छापायला तालुक्याला न्यायचे म्हणता म्हणता एके दिवशी कॅमेरा ओट्यावरून खाली पडला. भिंग बाहेर आले ते आत जाईना.

गुरुजी बाजारच्या दिवशी तालुक्याला गेले. दुकानदार ओळखीचा होता.

"ठेवून जा गुरुजी. बघतो मी," तो म्हणाला.

"पावती देता का?"

"काय गुरुजी! तुम्हाला पावती? माझं पोरगं तुमच्याच हाताखाली शिकलं की."

गुरुजींना पुढे बोलवेना. ते तसेच परतले. तीन आठवड्यांनी गेले तेव्हा कळले, 'मुंबईला पाठवलाय.' दोन महिन्यांनी कळले, 'पार्ट यायचाय.' दिवाळी गेली. पौषात आजी वारल्या. त्यानंतर महिन्याभराने कॅमेरा आला. चालू स्थितीत आला, काम चांगले झाले होते. पण आत कार्ड नव्हते.

"कार्ड होतं का त्यात?" दुकानदार खरोखरच गोंधळून म्हणाला. "मुंबईवाला म्हणतो, नव्हतं."

आता यात खोटे कोण बोलत होते? कदाचित कोणीच नाही. कार्ड कोठे, कोणाच्या हातून निघाले, हे कोणालाच सांगता येत नव्हते, कारण ते होते असे कोठेही लिहिलेले नव्हते. दुकानदाराने ओशाळून मजुरीचे पैसे घेतले नाहीत. माणूस वाईट नव्हता. पण त्या आजींचा फोटो आज कोणाकडेही नाही. ओव्यांची वही तेवढी शाळेत आहे.

ही हकीकत मी दुकानदाराला दोष देण्यासाठी सांगितली नाही. ओळख असली की कागद नको, ही जी आपली समजूत आहे ती तपासून पाहावी, एवढ्यासाठी सांगितली. मला वाटते, जिथे ओळख आहे तिथे तर कागद जास्तच हवा. परक्याशी बिनसले तर आपण दुसऱ्या दुकानात जाऊ. ओळखीच्याशी बिनसले तर दुकान जाते आणि ओळखही जाते.

कायद्याने या व्यवहाराकडे फार पूर्वीच पाहिलेले आहे. आपला करार कायदा 1872 सालचा. एखादी वस्तू ठरावीक कामासाठी दुसऱ्याच्या हवाली करायची आणि काम झाल्यावर परत घ्यायची, या व्यवहाराला त्यात निक्षेप म्हटले आहे. शिंप्याकडे कापड देणे, सोनाराकडे खडा देणे आणि दुकानात कॅमेरा देणे, हे सारे निक्षेपच. कायदा म्हणतो, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने या वस्तूची घेतली पाहिजे. ठरल्या वेळी त्याच्या कसुरीने वस्तू परत मिळाली नाही, तर तिथून पुढच्या नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येते. पण 'ठरल्या वेळी' म्हणजे कोणत्या वेळी? वेळ ठरलीच नसेल, तर कायदा तरी काय करणार?

म्हणून दुकानात गेल्यावर चार ओळी लिहून घ्याव्यात. छापील पावतीपुस्तक नसेल तर वहीचा कागद चालतो. दोन प्रती करा, दोघांच्या सह्या घ्या. मजकूर साधारण असा असावा:

'कॅमेरा एक, कंपनी व नमुना अमुक, अंगावरचा क्रमांक अमुक. सोबत बॅटरी एक, पट्टा एक. कार्ड दिलेले नाही. उजव्या कोपऱ्यावर जुना पोचा आहे. बिघाड: सुरू केल्यावर भिंग बाहेर येते, कर्र असा आवाज होतो, भिंग आत जात नाही. पाहणीची फी अमुक. खर्च अमुक रुपयांच्या वर जाणार असेल तर आधी विचारावे. काढलेला जुना भाग परत द्यावा. अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करून, नाहीतर आहे तसा, परत द्यावा.'

यातल्या एकेका ओळीला कारण आहे. क्रमांक लिहिला की कॅमेऱ्यांची अदलाबदल होत नाही. जुना पोचा लिहिला की 'हा तुम्ही पाडलात' असा वाद उभा राहत नाही, म्हणजे ही ओळ दुकानदाराच्या फायद्याची आहे. खर्चाची मर्यादा लिहिली की दोन हजारांच्या कॅमेऱ्याला तीन हजारांचे बिल येत नाही. 'आहे तसा परत' ही तर फार महत्त्वाची ओळ. ती नसली की कॅमेरा अधांतरी राहतो, दुरुस्तही होत नाही आणि परतही येत नाही. कॅमेरा पुढे कोठे पाठवणार तेही विचारावे. कार्ड मात्र कधीच देऊ नये. त्यातले फोटो आधी उतरवून घ्यावेत आणि कार्ड घरी ठेवावे. चाचणीसाठी लागलेच, तर एखादे रिकामे कार्ड द्यावे आणि ते दिल्याचे लिहावे.

आता दुसरी बाजू ऐका. गिऱ्हाइकाचीही काही कर्तव्ये आहेत. पुष्कळ दुकानांत एक खण असा असतो, ज्यात लोकांनी दुरुस्तीला दिलेल्या आणि पुन्हा कधीच न नेलेल्या वस्तू पडलेल्या असतात. कारागिराने त्यात आपले श्रम घातलेले असतात, पदरचे पैसेही घातलेले असतात. मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क कायद्याने त्याला दिला आहे, पण ठेवून घेऊन त्याचे पोट भरत नाही. म्हणून तारीख ठरवली असेल तर आपणही त्या तारखेला जावे. तसेच पाहणीची फी देताना कुरकुर करू नये. 'नुसतं उघडून पाहिलं, त्याचे कसले पैसे?' असे म्हणणारे भेटतात. उघडून पाहणे हेच तर कौशल्य आहे. गव्हाच्या दाण्याहून बारीक स्क्रू काढून, दोष शोधून, पुन्हा सगळे जागच्या जागी बसवायला वर्षांचा सराव लागतो. ही फी बुडवली, तर 'हा दुरुस्त होण्यासारखा नाही' असे प्रामाणिकपणे सांगणे कारागिराला परवडणार नाही, आणि त्यात आपलेच नुकसान आहे.

दुरुस्त होऊन आलेला कॅमेरा दुकानातच तपासावा. दहा-बारा फोटो काढून पाहावेत. जवळचा, लांबचा, उन्हातला, सावलीतला, फ्लॅशचा. पाच-सहा वेळा बंद करून पुन्हा सुरू करावा. जुना भाग मागून घ्यावा, आणि बिलावर कोणता भाग बदलला, नवा की जुना, आणि तोच दोष किती दिवसांत उलटला तर पुन्हा विनामूल्य पाहणार, हे लिहून घ्यावे.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर दाद मागण्याची सोय आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा 1986 सालचा. त्याच्या जागी 2019 चा नवा कायदा आला आणि तो 20 जुलै 2020 पासून अमलात आला. मोबदला देऊन घेतलेली सेवाही त्यात येते, म्हणजे दुरुस्तीही आली. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथे तड लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. मोबदल्याची रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी पडत नाही. मात्र तिथेही पहिला प्रश्न हाच येतो: कागद आहे का?

आणखी एक गोष्ट शेतकरी बांधवांनी ध्यानात ठेवावी. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीचा हक्क, या नावाने एक संकेतस्थळ सुरू केले. कंपन्यांनी आपल्या वस्तूंच्या दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि दुरुस्ती केंद्रे यांची माहिती लोकांना एका जागी द्यावी, हा त्यामागचा हेतू. त्यात मोबाईलबरोबर शेतीची अवजारेही घेतली आहेत.

दुरुस्ती करावी की नवी वस्तू घ्यावी, हाही प्रश्न नेहमी पडतो. याला एकच उत्तर नाही. जुना फिल्मचा कॅमेरा चाके, कमानी आणि पाती यांवर चालतो. जाणता कारागीर मिळाला तर तो पुष्कळदा दुरुस्त होतो. मोठा, भिंग बदलता येणारा डिजिटल कॅमेराही बहुधा दुरुस्तीच्या लायकीचा असतो. लहान, स्वस्त डिजिटल कॅमेऱ्याची आतली पट्टी जळाली असेल तर मात्र खर्च किमतीच्या वर जाऊ शकतो. तशाच नमुन्याचा वापरलेला कॅमेरा केवढ्याला मिळतो ते आधी विचारावे. दुरुस्तीचा खर्च त्याच्या निम्म्याहून जास्त होत असेल तर दोनदा विचार करावा. वडिलांची आठवण म्हणून दुरुस्त करायचा असेल तर हा हिशेब लागू नाही, हे मी वेगळे सांगायला नको.

शिक्षक मित्रांना माझी एक सूचना आहे. पत्रलेखनाच्या तासाला आपण मुलांकडून सहलीच्या परवानगीचा अर्ज लिहून घेतो, मित्राच्या अभिनंदनाचे पत्र लिहून घेतो. त्यात दुरुस्तीचे पत्रही घालावे. वर्गात एखादी बिघडलेली वस्तू आणावी, घड्याळ आणा, विजेरी आणा, आणि तिचा दोष मुलांना लिहायला सांगावा. पहिल्यांदा सगळी मुले लिहितील, 'विजेरी चालत नाही.' मग विचारावे: केव्हापासून? दर वेळी की कधीकधी? आवाज होतो का? हलवली तर काय होते? त्याआधी काय घडले होते? हळूहळू त्यांच्या वाक्याला आकार येईल: 'सोमवारी पावसात भिजल्यापासून विजेरी पेटत नाही, तळाचे झाकण दाबून धरले तर पेटते, सोडले की विझते.' हे वाक्य वाचून कारागिराला अर्धा दोष कळेल. आणि जे मूल असे वाक्य लिहायला शिकेल ते डॉक्टरला दुखणे नीट सांगेल आणि तलाठ्याला अर्ज नीट लिहील.

शेवटी पावसाळ्यापुरते थोडे सांगतो. कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवू नका, त्या पिशव्या ओल धरतात. घट्ट झाकणाचा स्वच्छ डबा घ्या, त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि कॅमेरा त्यात ठेवा. दाण्यांचा रंग पालटणारे जेल मिळते. रंग पालटला की दाणे तापवून वाळवावेत आणि पुन्हा वापरावेत. बरेच दिवस वापर नसेल तर सेल काढून ठेवावेत. आणि पंधरा दिवसांनी एकदा कॅमेरा बाहेर काढून दोन फोटो घ्यावेत. जी वस्तू वापरात असते तिचा दोष लवकर कळतो.

एवढी काळजी घेऊनही कॅमेरा कधीतरी बिघडेलच. तेव्हा आपल्या गावच्या दुकानात जरूर जावे. ते दुकान टिकले तर आपल्या वस्तू टिकतील. फक्त जाण्यापूर्वी कार्ड काढून घ्यावे, दोष काय ते मनाशी नीट जुळवून घ्यावे आणि सोबत कोरा कागद न्यावा. 'पावती कशाला?' असे दुकानदाराने हसत विचारले तर आपणही हसतच म्हणावे, 'तुमच्या-माझ्या दोघांच्या आठवणीला राहू दे.'